अतिभार

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात नित्य उच्चारतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही ते याच क्रमाने येतात. पहिल्या तिहींचा आपल्या आजच्या व्यापारी जीवनाशी फारसा संबंध उरलेला नाही. आपण कोणाला दोरखंडाने बांधत नाही, चाबकाने मारत नाही, कोणाचे अवयव छेदत नाही. उरतात शेवटचे दोन. शक्तीपलीकडे भार लादणे आणि आपल्या आश्रयाने जगणाऱ्याच्या अन्नपाण्यात खंड पाडणे, हे दोन अतिचार मात्र पेढीवर, गोदामात आणि दुकानात आजही घडू शकतात. पाठ करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा बैलगाडी येते. परंतु आवश्यकसूत्रावरील टीकाकारांनी येथे चतुष्पदांबरोबर द्विपदांचाही, म्हणजे माणसांचाही, विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भार वाहविण्यावर चालणारी उपजीविका श्रावकाने शक्यतो टाळावी, दुसरा उपाय नसेल तर माणसाला जेवढा भार स्वतः उचलता आणि स्वतः उतरवता येईल तेवढाच त्याच्याकडून वाहवावा, बैलावर नेहमीच्या भारापेक्षा काही कमीच ठेवावा, आणि नांगराचे व गाडीचे बैल वेळेवर सोडावेत.

स्वतः उचलता येईल तेवढाच भार, ही कसोटी वाचली तेव्हा मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो.

बँकेतील माझी बहुतेक वर्षे बाजारपेठेच्या गावांतील शाखांमध्ये गेली. अडत्यांना आणि भुसार व्यापाऱ्यांना मालतारणावर कॅश क्रेडिट दिलेले असे आणि ठरावीक काळाने गोदामात जाऊन साठा मोजावा लागे. थप्प्या मोजता मोजता हमालांचे काम फार जवळून पाहता येई. त्या काळी शंभर किलोचे पोते सर्रास असे. ते पोते एकट्या हमालाला उचलताच येत नसे. दोघे जण आकड्या लावून ते वर घेत, तिसरा पाठ वाकवून त्याखाली जाई आणि मग तो फळीवरून थप्पीवर चढे. उतरवतानाही तेच. टीकाकारांनी घालून दिलेली मर्यादा येथे रोज शेकडो वेळा ओलांडली जात होती, आणि ज्यांच्या गोदामात ती ओलांडली जाई त्यांतील अनेक जण सूर्यास्तापूर्वी जेवणारे, पाणी गाळून पिणारे, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणारे सत्शील गृहस्थ होते. हे मी उपरोधाने लिहीत नाही. त्यांच्या आचाराबद्दल मला आदर होता आणि आहे. बाजाराची रीतच अशी पडली होती की त्या पोत्याकडे कोणाचे लक्षच जात नसे.

लक्ष वेधले ते हमालांनीच. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या माथाडी कामगारांनी मजुरीबरोबर पोत्याच्या वजनाचाही प्रश्न लावून धरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणावी अशी शिफारस केली होती. आपल्या बाजारात शंभराचे पोते पन्नासवर यायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. गंमत अशी की, वजन निम्मे केल्याने बाजार बुडेल असे ज्यांनी मला कळकळीने समजावून सांगितले होते, त्यांच्याच गोदामांत आज पन्नासच्या, तीसच्या आणि पंचवीसच्या गोण्या आहेत आणि बाजार चालूच आहे.

१९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा याच काळातला. आपल्या समाजात या कायद्याविषयी जेवढी कुरकुर ऐकू येते तेवढी त्याची माहिती नसते, म्हणून दोन वाक्ये लिहितो. हमालाला एक मालक नसतो. सकाळी तो एका दुकानाचा ट्रक खाली करतो, दुपारी दुसऱ्याचा. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावा? त्याला रजा कोणी द्यावी? पाय घसरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? यावर तोडगा असा काढला की व्यापारी आणि हमाल दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि त्या लेव्हीतून मंडळाने निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा आणि वैद्यकीय मदत चालवायची. अनेक मालकांची मिळून जणू एकच पेढी करावी, तशी ही योजना आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कौतुक वाटावे इतकी ती कल्पक आहे. माथाडीच्या नावाखाली, काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांचा त्रास काही ठिकाणी व्यापाऱ्यांना झाला आहे, हेही खरेच. ती खंडणी आहे आणि तिचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. परंतु खंडणीखोरावरचा राग पोते वाहणाऱ्या माणसाच्या लेव्हीवर काढणे योग्य नव्हे.

हमालाला निदान संघटना तरी होती. दुकानातील गुमास्त्याला तीही नव्हती.

‘गुमास्ता’ या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. मूळ अर्थ पेढीचा कारकून, व्यापाऱ्याचा मदतनीस. त्याच्या कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि रजा यांसाठी १९४८ साली मुंबई दुकाने व आस्थापना कायदा झाला आणि त्याखालच्या नोंदणीला बाजारात ‘गुमास्ता लायसन्स’ म्हणू लागले. पुढे नुसते ‘गुमास्ता’ राहिले. चालू खाते उघडण्यासाठी बँक ज्या कागदपत्रांची मागणी करी त्यांत हा ‘गुमास्ता’ असे. काउंटरवर विचारले जाई, “शेठजी, गुमास्ता आणला का?” आणि शेठजी फाइलमधून कागद काढून देत. ज्या माणसाच्या रक्षणासाठी तो कागद जन्माला आला तो माणूस त्या वेळी दुकानात कापडाचे तागे उलगडत असे, आणि त्या कागदावर आपलेही काही लिहिलेले आहे याची त्याला गंधवार्ताही नसे.

जुन्या पद्धतीच्या पेढ्यांच्या खतावण्या मी पुष्कळ पाहिल्या. त्यांत एक गोष्ट मला नेहमी खटकत असे. नोकरमाणसांची खाती असत आणि जवळजवळ प्रत्येक खात्यावर नावे बाकी दिसे. मुलीचे लग्न, आईचे आजारपण, पावसाळ्यात पडलेली भिंत, अशा निमित्तांनी घेतलेली उचल. ती महिन्याच्या पगारातून थोडी थोडी वळती व्हायची आणि संपण्यापूर्वी पुन्हा नवी उचल चढायची. माणूस पेढीला किती देणे लागतो हे रुपया-आण्यापर्यंत लिहिलेले असे. पेढी त्या माणसाला काय देणे लागते, म्हणजे साठलेली रजा, जादा तासांचा मेहनताना, इतक्या वर्षांची ग्रॅच्युइटी, यांचे खाते मात्र क्वचितच उघडलेले सापडे. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला बँकेचे कर्ज, घेणेकऱ्यांची देणी, नातलगांच्या ठेवी सर्व काही असे. तीस वर्षे गल्ला सांभाळणाऱ्या माणसाचे देणे तेथे नसे. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने असा ताळेबंद अपुरा होय. हिशेबात चोख असणे ही ज्या समाजाची ओळख, त्याच्या वह्यांत एवढे मोठे देणे लिहायचे राहून जावे, याचे मला आश्चर्य वाटे.

याच संदर्भात आमच्या कुटुंबातील एक प्रसंग लिहिण्यासारखा आहे. माझ्या चुलतबंधूंचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान. ते आता त्यांचे चिरंजीव पाहतात. तेथील मुनीमजी १९९२ साली लागले आणि २०२३ मध्ये, दृष्टी मंदावल्यामुळे, काम सोडायचे म्हणाले. त्यांच्या खात्यावर ३८ हजारांची उचल बाकी होती. ती एकरकमी फेडणे शक्य नसल्याने हप्ते बांधून द्यावेत, एवढीच विनंती करायला ते आले होते. पुतण्याने मला फोन केला. “काका, मुनीमजींना निरोपाचे काहीतरी द्यावे असे मनात आहे. पंचवीस-तीस हजार आणि शाल-श्रीफळ ठीक दिसेल ना?” मी ग्रॅच्युइटीचे विचारले. तो म्हणाला, “आपल्याकडे सहाच माणसे आहेत. ती दहांना लागते.”

दहांना लागते हे बरोबर. परंतु १९७२ च्या त्या कायद्यात एक पोटकलम आहे, जे व्यापाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही: एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसे दहापेक्षा कमी झाली तरी तो लागूच राहतो. आणि या दुकानात, माझ्या बंधूंच्या भरभराटीच्या काळात, शिंप्यासह बारा माणसे होती. दिवाळीच्या फोटोत ती सगळी ओळीने उभी आहेत. तो फोटो अजून गादीच्या वर टांगलेला आहे. मी पुतण्याला फोटोतील डोकी मोजायला सांगितले.

हिशेब अवघड नव्हता. शेवटचा पगार १५,६०० रुपये. त्याला सव्वीसने भागले की एका दिवसाचे ६०० रुपये. पंधरा दिवसांचे ९,०००. सेवेची वर्षे ३१. एकूण २ लाख ७९ हजार. फोनवर बराच वेळ शांतता होती. त्याचेही चुकीचे म्हणता येणार नाही. बाजार मंदीत होता, लग्नसराई ऑनलाइन खरेदीने खाल्ली होती आणि एवढी रक्कम बाजूला काढून ठेवायची असते हे त्याच्या वडिलांनी त्याला कधी सांगितले नव्हते. त्याने विचारले की निदान उचल तरी त्यातून वळती करावी का. ग्रॅच्युइटी अडवून धरण्याची कारणे कायद्याने मोजकीच सांगितली आहेत आणि त्यांत उचल बसत नाही, असे मी कळवले. पुढचे त्याने स्वतः ठरवले. पूर्ण रक्कम दोन धनादेशांनी दिली, दुसरा दोन महिन्यांनी.

पहिला धनादेश वटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुनीमजी बँकेतून ३८ हजार रोख काढून दुकानात आले. रक्कम गल्ल्यात मोजून दिली, आपले खाते स्वतःच्या हाताने पुरे केले आणि पान उघडे ठेवून पुतण्याला दाखवले. “छोटे शेठ, बाकी शून्य.” शाल-श्रीफळाचा कार्यक्रम नंतर झाला. मला त्या पानाचे अधिक अप्रूप वाटते.

मालक-कामगार यांच्या नात्याचा विचार करताना आपल्या समाजाने अहमदाबादचे १९१८ साल विसरू नये. आदल्या वर्षी शहरात प्लेग पसरला, तेव्हा कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. काहींच्या बाबतीत तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाई. साथ ओसरताच मालकांनी तो बंद करायचे ठरवले. महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली, मालक वीसवर अडले आणि गांधीजींनी सर्व बाजूंचा हिशेब घालून पस्तीसची मागणी न्याय्य ठरवली. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. मालकांच्या बाजूला अग्रभागी होते अंबालाल साराभाई, अहमदाबादच्या प्रतिष्ठित जैन घराण्याचे कर्तबगार पुरुष. आणि कामगारांच्या बाजूला उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे ही भावंडे काकांच्या घरी एकत्र वाढलेली. सलग छत्तीस तास काम करून परतणाऱ्या स्त्रिया पाहिल्या आणि आपले आयुष्य बदलले, असे अनसूयाबेननी पुढे सांगितले आहे.

१५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि तीन दिवसांत तडजोड झाली. तडजोडीची कलमे कोणाही व्यापाऱ्याला वाचायला आवडतील अशी आहेत: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांची राहिली, आणि पुढे लवादाचा निर्णय येईपर्यंत दोहोंच्या मध्यावर, साडेसत्तावीस. लवाद होते आचार्य आनंदशंकर ध्रुव. त्यांनी अखेर पस्तीस टक्केच दिले. या उपोषणाने मालकांवर, जे आपले स्नेही होते, दडपण आले आणि तेवढ्यापुरते ते सदोष होते, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. प्रतिपक्षाच्या अडचणीचा एवढा विचार करणारा संप-नेता विरळा. १९२० मध्ये जी संघटना उभी राहिली तिचे नाव ‘मजूर महाजन’. महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची पंचायत, आपलाच शब्द. तो कामगारांनी घेतला आणि भावाने बहिणीशी नाते तोडले नाही.

आता वर्तमानाकडे येतो, कारण हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुने २९ कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतील सर्वच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना मिळाला, ठरावीक मुदतीच्या नोकराला एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू झाली, नियुक्तिपत्राला महत्त्व आले. परंतु कामगार कमी करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी आता तीनशे कामगारांपासून लागते; पूर्वी शंभरांपासून लागे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी विसांऐवजी पन्नासांपासून लागू होतात. त्याच वर्षी आपल्या राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल केला. पूर्वी दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांना तो पूर्णपणे लागू होता, आता वीसपासून. दिवसाचे तास नऊवरून दहा, तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास. १९४८ चा कायदा एकट्या माणसाच्या दुकानालाही ओळखत होता. २०१७ मध्ये तो दहावर आला आणि आता वीसवर. आपल्या वाचकांपैकी कितींच्या दुकानात वीस माणसे आहेत? कापड, सराफी, किराणा, हार्डवेअर, औषधे. माझ्या परिचयातील बहुतेक पेढ्या पाच ते पंधरा माणसांच्या आहेत. म्हणजे कायद्याची रेषा आपल्या उंबऱ्यावरून उचलून पलीकडे नेऊन ठेवली गेली.

आमच्या शहरातील व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत याचे टाळ्यांनी स्वागत झाले. मी श्रोत्यांत होतो. निरीक्षकाचा जाच गेला, नोंदवह्या गेल्या, हे समाधान मी समजू शकतो; जाच खरा होता आणि त्यातील काही भाग पाकिटात जात होता हेही सर्वांना ठाऊक आहे. एका तरुण व्यापाऱ्याने मात्र उठून विचारले की साप्ताहिक सुटी आता द्यायची की नाही. सभागृहात हशा पिकला. त्याचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मला टीकाकारांचे ते बैल आठवले, जे वेळेवर सोडायचे असतात. त्यांची वेळ कोणत्याही सरकारने ठरवलेली नव्हती, आणि नांगराला वीस बैल झाल्यावरच ती पाळावी असेही कोठे लिहिलेले नाही.

व्यापाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. भाडे, जीएसटीची कटकट, शेजारी उघडलेला मॉल, घरबसल्या माल पोहोचवणाऱ्या कंपन्या. लहान दुकानदाराचा नफा खरोखरच आटला आहे आणि माणसांवरचा खर्च हाच त्याला आपल्या हातातला खर्च वाटतो. परंतु आकडे मांडून पाहावेत. चौदा हजार पगाराच्या माणसाच्या राज्य विमा योजनेसाठी मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला ४५५ रुपये. तेवढ्यात त्याच्या कुटुंबाच्या उपचाराची सोय होते आणि इस्पितळासाठी काढावी लागणारी उचल टळते. या योजनेत आणि भविष्यनिर्वाह निधीत, माणसे कमी असली तरी, मालक व नोकर दोघांच्या संमतीने स्वेच्छेने सामील होता येते. कायद्याने दार बंद केलेले नाही, फक्त ढकलत नेणे थांबवले आहे.

मुनीमजींच्या प्रकरणानंतर माझ्या पुतण्याने उरलेल्या सहा जणांसाठी हे दोन्ही करायचे मनावर घेतले. त्याच्या सनदी लेखापालाने आधी, “गरज काय? तुम्हाला लागू नाही,” असे सांगितले, दुसऱ्या भेटीत कागद तयार करायला घेतले. आता अडचण निराळीच आहे. चौघे तयार आहेत. धाकटे दोघे म्हणतात की बारा टक्के कापले गेले तर हातात येणारा पगार कमी होईल, मोटारसायकलचा हप्ता कसा भरायचा? पुतण्या त्या दोघांचा पगार कपातीइतका वाढवायला राजी आहे, मात्र चौघांना ते कळले तर त्यांनाही वाढवावा लागेल, आणि कळणारच. गेल्या रविवारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो होतो. सहाही जणांना वाढ दिली तर वर्षाला किती पडते, आणि दिवाळीच्या जाहिरातीतून किती काढता येते, याची आकडेमोड चालू आहे. पुढच्या महिन्यापासून सुरुवात करायचा त्याचा विचार आहे. दुकान रात्री साडेनऊऐवजी साडेआठला बंद करायचे का, हा मुद्दा अजून राहिला आहे. त्याला त्याच्या आईचा पाठिंबा आहे, शेजारच्या दुकानदारांचा नाही.